वकिली सोडून लॉ कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू होतेय. पहिल्या तासाला काय करू?

तारीखपेतारीख
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आठ वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली. बहुतेक दिवाणी कामं: वाटपाचे दावे, शेतरस्त्याची भांडणं, भाडेकरू. एलएलएम आधीच झालं होतं. मागच्या वर्षी सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) निघाली आणि एका अनुदानित लॉ कॉलेजची जाहिरात बघून अर्ज टाकला. चक्क निवड झाली. विद्यापीठाची मान्यता आली की सहायक प्राध्यापक म्हणून रुजू. माझ्यासोबत अजून दोघं नवे आहेत. एक पीएचडी झालेला, कोर्टाची पायरी न चढलेला. दुसरी राष्ट्रीय विधि विद्यापीठातून नुकतीच एलएलएम होऊन आलेली. तिघांत मिळून एक कपाट आणि दीड टेबल.

विषयवाटपाला प्राचार्य म्हणाले, "तुम्ही ताज्या दमाच्या आहात," आणि विधिशास्त्र (कायद्यामागचं तत्त्वज्ञान) माझ्या गळ्यात पडलं. जोडीला भारतीय न्याय संहिता, म्हणजे नवा फौजदारी कायदा. दोनचार जामीन अर्ज सोडले तर मी फौजदारी केलेली नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, वकिलीची सनद (परवाना) स्थगित करायचा अर्ज आठवडाभर टेबलावर पडलाय आणि सही होत नाहीये. हा वेडेपणा तर नाही ना? दुसरं, पहिल्या तासाला नेमकं करायचं काय? युक्तिवादाची मला भीती नाही, पण तिथे ऐकणारा एकच असतो, आणि त्याला ऐकण्याचा पगार मिळतो. इथे साठजण.

नाना_वकील
ताई, अभिनंदन. पण सही करण्याआधी थांबा. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९. हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण १९७९ चे वकिलांना कायदा शिकवण्याची मुभा देणारे नियम आहेत ना? दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवा आणि वकिलीही करा. मी स्वतः अकरा वर्षं सकाळी साडेसात ते साडेनऊ शिकवलं आणि अकराला कोर्टात हजर. सनद जागच्या जागी.

आणि अजून एक. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीचा विचार कधी मनात असेल तर राज्यघटनेचं कलम २३३ काढून वाचा. सात वर्षं वकिली लागते, आणि सनद गुंडाळून ठेवून ती मोजत नाहीत. तुमची आठ झालीत. म्हणजे ऐन फळ धरायच्या वेळी झाड सोडताय.

बिनपगारी_प्राध्यापक
नाना, तुमचे तीन तास म्हणजे आमची तासिका तत्त्वावरची नेमणूक, सीएचबी: जितके तास तितके पैसे. तुम्हाला परवडली कारण घर वकिलीवर चालत होतं. मी नेट आणि सेट दोन्ही पास आहे, नऊ वर्षं सीएचबीवर. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, तीच माणसं, तोच प्रश्न: "स्वतःबद्दल सांगा." सुट्टीत पगार नाही, परीक्षेच्या काळात नाही, आणि जो असतो तो कधी दिवाळीत येतो तर कधी होळीत.

एका ठिकाणी कायम पदाच्या मुलाखतीला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर संस्थेचा माणूस शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, तयारी किती?" मी म्हटलं, घटना आणि पुरावा दोन्ही चांगलं आहे. तो म्हणाला, "ती तयारी नाही हो."

ताई, रीतसर निवड होऊन कायम जागा मिळाली असेल तर डोळे मिटून सही करा. अशा जागेसाठी आमच्यातले कित्येक चाळिशी ओलांडून बसलेत.

पुणेरी_टोमणा
"ती तयारी नाही हो" हे कॉलेजच्या कमानीवर लिहायला हरकत नाही.

कोडग्या
मी सॉफ्टवेअरवाला, माझा इथे काही संबंध नाही. पण तीन नवे लोक आणि दीड टेबल हे आमच्या ऑफिसातही असंच आहे. वाचतोय.

एलएलबी_द्वितीय
विद्यार्थ्याच्या बाजूने लिहू का? गेल्या वर्षी आमच्याकडे चार नवे सर-मॅडम आले. एकांनी पहिल्या तासाला स्वतःची पूर्ण ओळख सांगितली, शोधनिबंधांच्या यादीसकट. एकांनी बेअर ॲक्ट (कायद्याची नुसती मूळ कलमं) पडद्यावर लावला आणि वाचला. वाचता येतं हो आम्हाला. तिसऱ्या मॅडमनी विचारलं, "आज इथे येईपर्यंत तुम्ही किती करार केले?" कुणी म्हणालं शून्य. मग त्यांनी बसचं तिकीट, चहा, मोबाइलचं रिचार्ज, हॉस्टेलच्या मेसची पावती असं एकेक मोजायला लावलं. तास संपला तेव्हा सतरा झाले होते. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल हे शब्द त्यांनी शेवटच्या पाच मिनिटांत सांगितले. ते अजून लक्षात आहेत.

चौथे सर आलेच नाहीत. दुसरीकडे ऑर्डर निघाली.

मास्तरकी
मी पंचवीस वर्षं फौजदारी कायदा शिकवतोय. तारीखपेतारीख, फौजदारी नवी म्हणून घाबरताय, तर ऐका. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आणि आम्ही सगळेच नवे प्राध्यापक झालो.

माझ्याकडे दंड संहितेच्या टिपणांची वही होती. कडा पिवळ्या पडलेल्या, समासात तीन रंगांच्या पेनांनी वाढवलेली. ५११ कलमं झोपेत विचारली असती तरी सांगितली असती. एका रात्रीत त्यांची ३५८ झाली आणि जवळपास एकही जुन्या जागी उरलं नाही. खून ३०२ वरून १०३ वर, फसवणूक ४२० वरून ३१८ वर, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९. हे पाठ करता येतं. त्रास वेगळाच होतो: जुने आकडे गेले नाहीत, ते दुसऱ्याच गुन्ह्यांना चिकटले. जुन्यात ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, नव्यात ३०४ म्हणजे हिसकावून पळणं. नव्यातलं ३०२ तर धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांबद्दल आहे. पहिल्या महिन्यात मी वर्गात "तीनशे दोन" म्हणालो की पोरं आधी हसायची, मग दुरुस्त करायची. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वर्गात कुणी मला दुरुस्त केलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

आणि जुनं विसरून चालत नाही, कारण १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागू. ते खटले अजून कित्येक वर्षं चालतील. म्हणजे तुमची पोरं सनद घेऊन कोर्टात उभी राहतील तेव्हा एका हातात जुनी आणि एका हातात नवी. सगळ्यात आधी ३५८ वं कलम, निरसन आणि व्यावृत्ती (जुना कायदा रद्द, पण त्याखालचं काय टिकतं), शिकवा. पुस्तकात ते शेवटी असतं म्हणून सगळे शेवटी घेतात, आणि तोवर परीक्षा आलेली असते.

तुमची पाटी कोरी आहे. मला माझी पुसावी लागली.

विदर्भीय_वकील
काऊन टेन्शन घेता मॅडम. पण माझं एक मत आहे, कडू लागलं तर माफ करा. ज्यानं उलटतपास घेतला नाही त्यानं पुरावा शिकवू नये. तुमच्यासोबतचे ते पीएचडीवाले फितूर साक्षीदार कसा शिकवतील? त्यांनी पाहिला तरी आहे का? साक्षीदार फितूर होतो तेव्हा सरकारी वकिलाचा चेहरा कसा होते हे कोणत्याच ग्रंथालयात नसते.

अभिरूप
@विदर्भीय_वकील, हा वाद दीडशे वर्षं जुना आहे. हार्वर्डमध्ये लँगडेल १८७० साली डीन झाले. व्याख्यानं झोडण्याऐवजी निवाडे वाचून वर्गात प्रश्नोत्तरं करायची पद्धत त्यांनी आणली. १८७३ मध्ये त्यांनी जेम्स बार एम्स नावाच्या तरुणाला सहायक प्राध्यापक नेमलं. नुकताच शिकून बाहेर पडलेला, वकिलीचा अनुभव शून्य. तेव्हाही लोकांनी हेच विचारलं असणार. पुढे हाच एम्स १८९५ मध्ये तिथला डीन झाला.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून मोठं आहे. मथुरा प्रकरण. मथुरा नावाची, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, पोलीस ठाण्यात झालेला अत्याचार, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र कुणी लिहिलं? उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार. चौघंही कायदा शिकवणारे. मुकाट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा मुद्दा त्यांनी निकालाचं एकेक वाक्य सोलून मांडला. त्यातून जे आंदोलन उभं राहिलं त्याने १९८३ ची दुरुस्ती आली, पुरावा कायद्यात ११४-अ घातलं गेलं: ठरावीक खटल्यांत पीडितेने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं. रोज सर्वोच्च न्यायालयासमोर उभं राहणाऱ्या वकिलाने असं पत्र लिहायला दहादा विचार केला असता. सनद खिशात नसण्याचाही एक उपयोग असतो.

विदर्भीय_वकील
हे मान्य. मथुराची केस आमच्याच भागातली, देसाईगंजची. पण ते चौघं बक्षी-धागमवार होते. सगळे पीएचडीवाले तसे असतात काय?

अभिरूप
सगळे वकील तरी कुठे घटनातज्ज्ञ नानी पालखीवाला असतात? आणि ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात शिकवायचेसुद्धा.

पुणेरी_टोमणा
१-१. पुढे चालू द्या.

ज्ञानपिपासू
अवांतर, पण पालखीवालांचा विषय निघालाच आहे तर: मुंबईच्या त्याच कॉलेजचे प्राचार्य १९३५ पासून काही वर्षं डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कॉलेज १८५५ चं. आणि लोकमान्य टिळक पुण्यात स्वतःचा लॉ क्लास चालवायचे. वर्तमानपत्रावर पोट भरत नव्हतं, क्लासवर भरायचं. म्हणजे वकिलीच्या क्लासची आपली परंपरा प्रवेश परीक्षांच्या क्लासेसहून बरीच जुनी आहे.

बिनपगारी_प्राध्यापक
टिळक सीएचबीवर नव्हते एवढं नमूद करतो.

शब्दवेडी
कुणी भाषेबद्दल बोललंच नाही. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शिकवते. आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलं उत्तरं मराठीत लिहितात. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत बोलत होते आणि सगळे माना डोलवत होते. घटक चाचणीत कळलं की माना का डोलत होत्या.

मग मराठीकडे वळले, तर दुसरा खड्डा. टॉर्टला 'अपकृत्य', ईझमेंटला 'सुविधाधिकार', हे पुस्तकी शब्द मुलांना इंग्रजीइतकेच परके. उपाय सापडला तो कोर्टातच. दावा, कैफियत, वकालतनामा, पुकारा, रोजनामा, गहाणखत, फेरफार, सातबारा. हे शब्द मुलांच्या घरात आहेत, आजोबांच्या तोंडात आहेत. सुविधाधिकार म्हटलं की वर्ग गप्प. "बांधावरून बैलगाडी नेण्याचा हक्क" म्हटलं की सहा हात वर, आणि त्यातल्या दोघांच्या घरी तोच दावा चालू. तारीखपेतारीख, तुम्ही आठ वर्षं शेतरस्ते लढवलेत ना? मग विधिशास्त्राला घाबरू नका. हक्क म्हणजे काय, ताबा आणि मालकी यांत फरक काय, हे विधिशास्त्रच आहे. तुमच्या फायली उघडा.

एलएलबी_द्वितीय
+१. 'ॲक्टस रीअस'चा (गुन्ह्यातलं प्रत्यक्ष कृत्य) उच्चार आमच्याकडे तीन सर तीन प्रकारे करतात. परीक्षेत उच्चार विचारत नाहीत म्हणून वाचलो.

मास्तरकी
शब्दवेडी, फायलींचं एकदम पटलं. त्यालाच जोडून माझा जुना उपाय देतो. एखाद्या निकाली खटल्याचा पंचनामा मिळवा, नावं काळ्या शाईने मारून टाका आणि प्रती काढून वाटा. काही सांगू नका. फक्त म्हणा, "यात काय खटकतं?" एकदा एका पंचनाम्यात दोन्ही पंचांच्या सह्या एकाच वळणाच्या होत्या. खटला चालला तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, वर्गातल्या एका शिपाईकाकांच्या आलं. ते तीन वर्षांचं एलएलबी करत होते, नोकरी सांभाळून.

नाना_वकील
आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १०५ खाली झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे, तेव्हा पंचनाम्याची ही मजा हळूहळू जाणार. मग व्हिडिओत काय खटकतं ते शोधा म्हणावं.

कारकुनी
इतका वेळ सगळं उदात्त चाललंय म्हणून जमिनीवरचं सांगतो. मी कॉलेजच्या कार्यालयात आहे. रुजू झाल्यावर पहिल्या तासाआधी हे होईल: रुजू अहवाल तीन प्रतींत, वैद्यकीय प्रमाणपत्र, मूळ कागदपत्रं, सनद स्थगितीची पोच, आणि सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती. लेव्हल दहा, मूळ वेतन ५७,७०० पासून. पण पहिला पगार हातात यायला काही महिने लागू शकतात, तेवढी सोय करून ठेवा. नियुक्तिपत्राच्या पाच झेरॉक्स काढा. सहा काढा.

आणि नॅकचा (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) एक निकष तुमच्या गळ्यात पडेल. एकूण सात आहेत, नव्यांना बहुधा पाचवा, विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती. माजी विद्यार्थ्यांना फोन करून "सध्या काय करता" विचारायचं असतं. निम्मे म्हणतात, "वकिली." पुढे विचारू नये.

विदर्भीय_वकील
हाहाहा. माझ्या कॉलेजातून दोनदा आला असा फोन.

बिनपगारी_प्राध्यापक
हजेरीचं पण सांगा त्यांना. बार कौन्सिलचे २००८ चे नियम म्हणतात ७० टक्के. पहिल्या तासाला साठापैकी अकरा आले तर मनाला लावून घेऊ नका. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तहसीलमधले, बँकेतले, पोलिसातले असे सगळे असतात. ते तुमच्यावर रागावलेले नसतात, ड्युटीवर असतात. आणि जे अकरा येतात त्यांच्यासाठी तास घ्या, न आलेल्यांवर बोलण्यात अर्धा तास घालवू नका. मी पहिलं वर्ष तेच केलं. आलेल्यांनाच बोलणी खावी लागली.

कोडग्या
मूळ प्रश्नाचं काय झालं? ताईंनी सही केली की नाही?

पुणेरी_टोमणा
धागाकर्त्या पुढची तारीख मागून गेल्या आहेत. नावातच आहे.

तारीखपेतारीख
(अठरा दिवसांनी) आले आले. हजर आहे, माय लॉर्ड.

सही केली. नाना, तुमचं कलम २३३ दोन रात्री डोक्यात फिरत होतं, पण न्यायाधीश व्हावं असं मला कधी वाटलंच नव्हतं, ते माझ्या सीनियरना वाटायचं. सनद स्थगित केली आहे, रद्द नाही. कधी परतावंसं वाटलं तर अर्ज करता येतो, एवढ्यावर मनाची समजूत घातली. काळा कोट कपाटात टांगलाय. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्ट) फेऱ्यांना लागेल असं म्हणतात.

आता पहिला तास. सतराजण होते. मास्तरकी सरांचा सल्ला मानला. सीनियरकडून एका जुन्या निकाली चोरीच्या खटल्याचा पंचनामा आणला, नावं खोडली, प्रती वाटल्या. आदल्या रात्री मी स्वतः तो चारदा वाचून खटकणाऱ्या तीन जागा काढून ठेवल्या होत्या. पंचांचे पत्ते अपुरे, मुद्देमालाचं वर्णन मोघम, एका ठिकाणी खाडाखोड. मुलांनी त्यातल्या दोन शोधल्या. मी खूश. तास गुंडाळणार एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वेळ बघा." पंचनाम्यावर डिसेंबरची तारीख, वेळ सायंकाळी ६.४५ ते ७.२०, आणि खाली छापील ओळ: 'सदर पंचनामा नैसर्गिक प्रकाशात केला.' ती म्हणाली, "आमच्याकडं त्या वेळेला गुरं बांधून दिवे लागलेले असतात."

चार वेळा वाचून मला दिसलं नव्हतं. सीनियरना रात्री फोन केला. ते आरोपीचे वकील होते. त्यांनाही दिसलं नव्हतं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्या मुलीचं नाव काय?"

विदर्भीय_वकील, तुमच्यासाठी खास: आमचे पीएचडीवाले सर पुरावाच शिकवतात. दुपारी त्यांनी माझ्याकडून तो पंचनामा मागून नेला आणि विचारलं, शुक्रवारी तुमच्या ओळखीने सत्र न्यायालयात एखादा उलटतपास बघायला येता येईल का. नेते आहे. त्याबदल्यात विधिशास्त्राची पहिली दोन प्रकरणं ते मला समजावणार.

शब्दवेडी, ताबा आणि मालकी शेतरस्त्यावरूनच घेतेय. मास्तरकी सर, संहितेची सुरुवात ३५८ पासून केली; मुलांनी विचारलं, "मॅडम, आपण उलटं शिकणार का?"

कारकुनी, निकष पाचवाच आला.

कारकुनी
सांगितलं होतं. झेरॉक्स किती काढल्या?

तारीखपेतारीख
सहा. सातवी मागितली त्यांनी.

विदर्भीय_वकील
शुक्रवारी त्या सरांना म्हणा साक्षीदाराकडे पाहू नका, सरकारी वकिलाकडे पाहा.